‘पुण्याला हलवा’ म्हटले की घरचे गप्प का होतात?

शस्त्रक्रियेसाठी लवकर नंबर लागत नाही, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. हर्निया असो, गुडघा असो की अंग बाहेर येण्याचा त्रास असो, सरकारी रुग्णालयात तारीख मिळते ती कधी दोन महिन्यांनंतरची, कधी तीन. मग एखाद्या दिवशी वॉर्डातले डॉक्टर म्हणतात, “इथे थांबण्यापेक्षा पुण्याला जा. आठवड्यात काम होईल. चिठ्ठी देतो, खर्च योजनेतून होईल.” ऐकणाऱ्या कोणालाही वाटेल की, रुग्ण लगेच पिशवी भरायला घेईल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. कितीतरी माणसे चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवतात आणि गुपचूप घरी येतात. केसपेपरवर शेरा पडतो, ‘नातेवाइकांचा नकार’. तेवढ्यावर विषय संपतो.

घडी घातलेल्या या चिठ्ठ्या पुढे आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या टेबलावर उघडतात. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या दवाखान्यात अशा किती चिठ्ठ्या वाचल्या याचा हिशेब नाही. ‘अडाणी आहेत, समजावून सांगितले तरी ऐकत नाहीत’ असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही, इतके मात्र अनुभवाने सांगता येते. नकारामागे प्रत्येक वेळी काहीतरी हिशेब असतो. कधी तो बरोबर असतो, कधी चुकतो. चुकला तर किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणून आज या हिशेबाबद्दल थोडे सविस्तर.

शब्दातच भीती आहे

आपल्या भाषेत रुग्णाला दुसरीकडे पाठवण्याला ‘हलवणे’ म्हणतात. आणि ‘पुण्याला हलवलं’ हे वाक्य सोलापुरात आपण कधी ऐकतो? अपघात झाला, मेंदूत रक्तस्राव झाला, आशा थोडी उरली, तेव्हा. त्यामुळे साध्या हर्नियाच्या रुग्णाला ‘पुण्याला जा’ म्हटले तरी घरच्यांच्या कानावर वेगळाच अर्थ पडतो. बायको पदर तोंडाला लावते. मुलगा विचारतो, “डॉक्टर, लई सीरियस हाय का?” आजार तोच, कालच्याइतकाच. पण एका शब्दाने तो मोठा होतो.

दुसरीकडे काही जणांना उलटेच वाटते. आपल्याला इथून कटवत आहेत, इथे गरिबाला कोणी विचारत नाही, अशी समजूत होते. नंबर लवकर लागावा म्हणून पाठवत आहेत, तब्येत बिघडली म्हणून नव्हे, हे एक वाक्य सांगायला अर्धा मिनिट लागतो. गर्दीच्या ओपीडीत नेमके तेच राहून जाते.

प्रश्न अंतराचा नाही

आपला सोलापूरकर प्रवासाला भीत नाही. आषाढीला पायी चालत पंढरपूर गाठणारी ही माणसे आहेत. मिरज हे डॉक्टर वॉनलेस यांच्या काळापासून, म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ, आपल्याकडच्या लोकांचे उपचाराचे गाव आहे. जुनी माणसे बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने मिरजेला जात. कर्करोगासाठी लोक बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालयात आपणहून जातात. उलट धाराशिव जिल्ह्यातून आणि कर्नाटकातून रुग्ण आपल्या सिव्हिलला येतात.

याच्या उलट एक उदाहरण सांगतो. एके काळी लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये काम केलेले एक आजोबा न्हाणीघरात घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. जिथे दाखल केले होते तिथे शस्त्रक्रियेला आठ-दहा दिवस लागणार होते. योजनेत असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात दोन दिवसांत होणार होती. हे दुसरे रुग्णालय पुण्यात नव्हते, सोलापुरातच चार किलोमीटरवर होते. तरी मुलांनी नको म्हटले!

कारण काय? पहिल्या ठिकाणी चार दिवसांत त्यांना सगळे माहीत झाले होते. औषधाची खिडकी कुठली, रात्री गेट कोण उघडतो, चहा कुठे मिळतो. शेजारच्या पलंगावरच्या माणसाशी ओळख झाली होती. आणि दुसरे रुग्णालय खासगी. ‘योजना म्हणतील आणि शेवटी बिल हातात ठेवतील’ ही धास्ती. थोरला मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याला एवढेच सांगितले, “तिथल्या आरोग्यमित्राला जाऊन भेट आणि एकच विचार, माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला मंजुरी मिळाली तर मला काय भरावे लागेल?” उत्तर मिळाले आणि आजोबा त्याच संध्याकाळी हलले. खुब्याचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी असे शास्त्र सांगते. पलंगावर पडून गेलेल्या प्रत्येक दिवसाबरोबर न्यूमोनिया, पाठीला जखमा आणि पायात रक्ताची गुठळी यांचा धोका वाढतो. तिथे चार किलोमीटरचा नकार फार महाग पडला असता.

एकाचे ऑपरेशन, तिघांची मजुरी

रुग्णालय दिवस मोजते. घरचे लोक माणसे मोजतात. सोलापूर ते पुणे सुमारे २५० किलोमीटर. रुग्णाबरोबर रात्रंदिवस थांबायला एक माणूस, धावपळ करायला दुसरा. यंत्रमागावरच्या कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. विडी वळणाऱ्या बाईने हजार विड्या दिल्या नाहीत तर पैसे नाहीत. शेतकऱ्याच्या घरी म्हशीची धार कोणी काढायची, हा विनोदाचा प्रश्न नाही. माघ-फाल्गुनात ज्वारी काढणीला आली असेल तर मंगळवेढ्याचा माणूस अपेंडिक्स सोडून कशालाच उठत नाही.

इथे सोलापुरात ऑपरेशन झाले तर सकाळी सून थांबते, दुपारी लेक डबा घेऊन येते, रात्री मुलगा कामावरून परस्पर येतो. तिघांत मिळून एकाचाही पूर्ण खाडा होत नाही. पुण्यात हा मेळ जमत नाही. रक्ताची बाटली लागली तर इथे गल्लीतली चार पोरे उभी राहतात. तिथे कोणाला हाक मारणार?

शासनाने यातला मोठा भाग उचलला आहे, हे मान्य केले पाहिजे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला सोलापूर जिल्हा होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ मध्ये कुटुंबाला दर वर्षी मिळणारे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्याचा आणि राज्यातील सर्व कुटुंबांना ते लागू करण्याचा निर्णय झाला. पण या योजनेच्या मूळ नियमांत प्रवासापोटी काय धरले होते? रुग्णाला घरी परतण्यासाठी एकदाचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे. सोबतच्या माणसाचे जाणे-येणे, राहणे, जेवण आणि बुडालेली मजुरी ही त्या घरानेच सोसायची. शस्त्रक्रिया फुकट असते, पण शस्त्रक्रियेला जाणे फुकट नसते.

‘नोप्पी’ कोणाला कळणार?

आपल्या गावाचे एक वैशिष्ट्य बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. इथे एका वॉर्डात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा ऐकू येतात. पूर्व भागातल्या एका विडी कामगार आजींना गर्भाशय खाली उतरण्याचा त्रास होता. पुण्याला लवकर नंबर लागत होता. त्या तयार नव्हत्या. “तिथं मी ‘नोप्पी’ म्हटलं तर कुणाला कळंल?” एवढेच त्यांचे म्हणणे. तेलुगूत नोप्पी म्हणजे दुखणे, कन्नडमध्ये नोवु. इथल्या आयाबाईला आणि सिस्टरला हे शब्द पाठ आहेत. रात्री दोन वाजता भूल उतरताना माणूस आईच्या भाषेत कण्हतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला आजींची हरकत क्षुल्लक वाटणार नाही.

त्यांचा आजार थांबण्यासारखा होता. लघवी अडणे, जखम होणे यांवर लक्ष ठेवले, आधाराची रिंग बसवून घेतली आणि अडीच महिन्यांनी सोलापुरातच शस्त्रक्रिया झाली. त्यांचा नकार बरोबर होता, असे मी म्हणेन.

न बोललेली भीती

सगळ्यांत खोल कारण मात्र कोणी पहिल्या भेटीत सांगत नाही. मोहोळ तालुक्यातल्या एका कुटुंबातल्या चार वर्षांच्या मुलाच्या हृदयाला छिद्र होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते. या पथकाने मुलाची छाती तपासून पुढे पाठवले, निदान झाले, मुंबईला मोफत शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली. वडिलांनी दोनदा तारीख घालवली. कधी पाहुण्याचे लग्न, कधी पाऊस.

तिसऱ्या वेळी पोराला खोकला झाला म्हणून ते दवाखान्यात आले, तेव्हा मुलाची आजी बोलली. काही वर्षांपूर्वी त्यांच्या घरातल्या कर्त्या मुलाला असेच मोठ्या शहरात नेले होते. तो परत आला तो गाडीत, पांढऱ्या कपड्यात. गाडीचे भाडे भागवायला बैल विकावा लागला. “आता काय व्हायचं ते माझ्या दारात होऊ द्या,” म्हातारी म्हणाली.

या बोलण्यापुढे आकडेवारी चालत नाही. तिथे काही झाले तर माणूस घरी कसा आणायचा, माती कुठे द्यायची, ही भीती बहुतेक घरांत असते. अशुभ नको म्हणून कोणी ती बोलत नाही, आणि न बोललेल्या भीतीला उत्तरही मिळत नाही.

या मुलाच्या बाबतीत थांबण्याला मर्यादा होती. लहान छिद्रे कधी कधी आपोआप बुजतात. पण मोठ्या छिद्रातून जास्तीचे रक्त सतत फुप्फुसांत जाते. तिथला दाब वाढत जातो आणि काही वर्षांनी फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या इतक्या कडक होतात की मग शस्त्रक्रिया करताच येत नाही. म्हणजे दार कायमचे बंद होते. हे मी त्यांना सांगितले, पण होकार मिळाला तो वेगळ्या कारणाने. शेजारच्या तालुक्यातल्या एका घरचे पोर याच आजारातून बरे होऊन आले होते. त्याच्या बापाला बोलावले. तो दोन तास त्यांच्या ओसरीवर बसला. कुठे उतरायचे, कोणत्या मजल्यावर जायचे, जेवण कुठे मिळते, काचेतून पोर किती दिवस बघायचे, सगळे त्याने सांगितले. मुलगा आज शाळेत जातो. डॉक्टरच्या शब्दापेक्षा जाऊन आलेल्या माणसाचा शब्द जड असतो, हे मला मान्य आहे.

बाहेर काय अनुभव आहे?

हे फक्त आपल्याकडे होते असे समजू नये. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा मोफत आहे आणि तिथेही शस्त्रक्रियेसाठी मोठ्या रांगा असतात. लंडनमध्ये २००२ पासून एक प्रयोग झाला. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ थांबलेल्या रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयात लवकर शस्त्रक्रिया करून घेण्याची संधी दिली. प्रवासाची सोय केली आणि मार्गदर्शनासाठी खास माणूस नेमून दिला. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी होकार दिला. म्हणजे एवढ्या सोयी करूनही तिघांतला एक जण ‘माझे मी इथेच थांबतो’ म्हणाला. शिकलेल्या, सुखवस्तू देशातला माणूससुद्धा ओळखीचा डॉक्टर आणि घराजवळचा पलंग सहजी सोडत नाही. पण दोघे तयार झाले, हेही तितकेच खरे. सोय आणि सोबत मिळाली की माणसे जातात.

ही गोष्ट आपल्याकडे गाडगेबाबांनी फार आधी ओळखली होती. पंढरपुरात त्यांनी वारकऱ्यांसाठी धर्मशाळा उभारल्या, तशीच मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळेची सोय केली. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयातले कर्करुग्ण आणि त्यांची माणसे राहतात. रुग्णाला पलंग मिळतो, पण त्याच्याबरोबर आलेल्याने पाठ कुठे टेकायची, हा प्रश्न त्या शाळा न शिकलेल्या माणसाला दिसला.

नकार द्या, पण विचारून द्या

नाही म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहेच. परंतु कोणता आजार थांबतो आणि कोणता थांबत नाही, हे समजून घेऊनच नाही म्हणावे. एक यंत्रमाग कामगार हर्नियासाठी पुण्याला गेला नाही, त्याने इथलीच तारीख धरली. धोक्याची लक्षणे मात्र त्याने नीट ऐकून घेतली होती. एका रात्री फुगवटा आत जाईना, दुखू लागला, उलटी झाली. सकाळची वाट न बघता तो अकरा वाजता रुग्णालयात पोचला. तातडीने शस्त्रक्रिया झाली आणि आतडे वाचले. सकाळपर्यंत थांबला असता तर कदाचित आतडे कापावे लागले असते.

तारखेची वाट पाहणाऱ्यांनी ही लक्षणे लक्षात ठेवावीत :

हर्निया : फुगवटा आत न जाणे, कडक होणे, दुखणे, उलट्या, शौचास किंवा वायू सरण्यास अडथळा.
पित्ताशयातील खडे : थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे, पोटात सतत कळ.
मोतीबिंदू : डोळा लाल होऊन ठणकणे, डोके दुखणे, उलटी.
अंग बाहेर येणे : लघवी अडणे, रक्त जाणे.
हृदयाचे आजार : आडवे झोपता न येणे, रात्री दम लागून उठणे, ओठ निळे पडणे.

यातले काही दिसले तर तारीख, चिठ्ठी, नंबर सगळे विसरून जवळच्या रुग्णालयात तातडीच्या विभागात जावे. १०८ क्रमांकाची गाडी त्यासाठीच आहे. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मात्र लक्षणांची वाट पाहूच नये. जिथे लवकर होईल तिथे जावे.

‘दुसरीकडे जा’ असे सांगितले की घरातल्या एकाने कागदावर हे सात प्रश्न लिहून न्यावेत आणि उत्तरेही लिहून घ्यावीत :

१. माझा आजार किती दिवस थांबू शकतो?
२. तिथे कोणत्या विभागात, कोणत्या वारी, कोणाला भेटायचे? तारीख नक्की आहे की पुन्हा रांगेत उभे राहायचे?
३. इथे केलेल्या तपासण्या तिथे चालतील का? एक्स-रे, सोनोग्राफीचे कागद बरोबर मिळतील का?
४. हे ऑपरेशन योजनेत बसते का? मंजुरीसाठी कोणते कागद लागतील? (हे आरोग्यमित्राला विचारावे.)
५. सोबतच्या माणसाची राहण्या-जेवण्याची सोय काय? रक्त लागेल का?
६. टाके काढणे आणि पुढची तपासणी सोलापुरात होईल का?
७. मी नको म्हटले तर इथला माझा नंबर कायम राहील का?

शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. नको म्हटले की आपले नाव आपोआप यादीत राहते, असे गृहीत धरू नये.

प्रवासाबद्दलही काही सवलती माहीत असाव्यात. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट आहे, आणि २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाणारे रुग्ण, कर्करुग्ण आणि मूत्रपिंडाचे काही रुग्ण यांना डॉक्टरांच्या ठरावीक नमुन्यातील दाखल्यावर रेल्वेभाड्यात सवलत मिळते, आणि ती सोबतच्या एका माणसालाही मिळते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात चौकशी करावी.

वॉर्डात काम करणाऱ्या माझ्या तरुण डॉक्टर मित्रांना एकच विनंती आहे. केसपेपरवर ‘नकार’ लिहिण्यापूर्वी त्या माणसाला ‘का?’ एवढे विचारावे. पुष्कळदा उत्तर एका वाक्याचे असते आणि त्यावरचा उपायही तेवढाच. आणि वाचकांनो, तुमच्या गल्लीतून, वाड्यातून कोणी पुण्या-मुंबईला जाऊन बरे होऊन आले असेल, तर त्याने पुढच्या माणसाच्या घरी जाऊन तासभर बसावे. सोबत जाणे जमले नाही तरी एवढे कोणालाही जमेल.